आइसलँडमधील धबधबे

आइसलँडमधील धबधबे हे उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या द्वीपदेशाचे ठळक भौगोलिक वैशिष्ट्य असून तेथील पर्यटनाचे एक प्रमुख आकर्षण आहे. हिमनद्यांचे वितळणारे पाणी, भरपूर पाऊस व बर्फ आणि ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेले उभे कडे हे तिन्ही घटक एकत्र आल्यामुळे या देशात लहानमोठे असंख्य धबधबे निर्माण झाले आहेत. त्यांपैकी अनेक प्रसिद्ध धबधबे देशाला वळसा घालणाऱ्या मार्ग क्रमांक १ वर किंवा त्याच्या जवळपास आहेत. 'ह्रिंगवेगुर' म्हणजे 'वर्तुळ मार्ग' या नावाने ओळखला जाणारा हा महामार्ग सुमारे १,३२० किमी लांबीचा आहे. आग्नेय भागातील स्केदारा नदीवरील पूल १९७४ मध्ये बांधून झाल्यावर हे वर्तुळ पूर्ण झाले. त्यापूर्वी राजधानी रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे सलग जाणे शक्य नव्हते.

आइसलँडिक भाषेत 'फॉस' म्हणजे धबधबा, 'योकुत्ल' म्हणजे हिमनदी किंवा हिमटोपी आणि नावाच्या शेवटी येणारा 'आ' म्हणजे नदी. त्यामुळे स्थळनावांवरूनच बरीच माहिती मिळते. मात्र एकच नाव दोन ठिकाणी आढळल्याने गोंधळही होतो. सेलफॉस हे रेक्याविकच्या पूर्वेस वर्तुळ मार्गावरील एका शहराचे नाव आहे आणि ईशान्य भागातील एका धबधब्याचेही. या दोहोंमध्ये देशाच्या अर्ध्या रुंदीचे अंतर आहे. 'ह्वीता' (पांढरी नदी) या नावाच्याही दोन वेगळ्या नद्या आहेत.

निर्मिती

आइसलँड हे युरेशियन आणि उत्तर अमेरिकन भूपट्टांच्या सीमेवर वसलेले आहे. तेथील भूमी मुख्यतः एकावर एक साचलेल्या बेसाल्टच्या थरांची बनलेली असून देशाचा सुमारे एक दशांश भाग हिमटोप्यांनी व्यापलेला आहे. कठीण थराखालचा मऊ थर पाण्याने झिजला की वरचा खडक आधार सुटून कोसळतो आणि कडा उभाच राहून मागे सरकतो. पूर्वेकडील १२८ मी. उंचीच्या हेंगिफॉस या धबधब्याच्या कड्यावर काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे स्पष्ट दिसतात. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेली ही माती आहे.

दक्षिण किनाऱ्यावरील धबधब्यांचे कारण वेगळे आहे. हिमयुगाच्या अखेरीस समुद्र आजच्या कड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचत असे. बर्फाचे ओझे हटल्यावर दबलेली जमीन वर उचलली गेली. शिवाय हिमनद्यांच्या पुरांनी आणलेल्या वाळूने किनारा पुढे सरकला. आज हे कडे समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत. पठारावरून येणाऱ्या नद्या एकेकाळी त्यांच्यावरून थेट समुद्राकडे झेपावत, आता त्या गवताळ मैदानात कोसळतात. महामार्ग याच मैदानातून जात असल्याने येथील धबधबे गाडीतून दिसतात.

पाण्याचा स्रोत कोणता यावर धबधब्याचे रूप अवलंबून असते. हिमनदीतून निघालेल्या नद्या गाळामुळे करड्या किंवा दुधाळ दिसतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक फुगतात. झऱ्यांच्या नद्या नितळ असून वर्षभर जवळजवळ सारख्याच वाहतात. पश्चिमेकडील ह्रोइनफॉसार येथे तर वर नदीच दिसत नाही. लाव्हाच्या सच्छिद्र खडकात मुरलेले पाणी सुमारे ९०० मी. लांबीच्या काठावरून असंख्य धारांनी ह्वीता नदीत उतरते. ही गुल्फॉसची ह्वीता नव्हे.

दक्षिण किनारा

रेक्याविकहून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशाला पहिला मोठा धबधबा भेटतो तो सेल्यालँड्सफॉस. त्याची उंची सुमारे ६० मी. असून त्याचे पाणी एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमटोपीखालील ज्वालामुखीच्या परिसरातून येते. कड्याचा खालचा भाग आत झिजल्यामुळे धारेच्या मागून जाणारी पायवाट आहे. हिवाळ्यात तुषार गोठून ती निसरडी होते आणि बर्‍याचदा बंद ठेवली जाते. येथून काही मिनिटांच्या अंतरावर ग्ल्यूफ्राबुई हा धबधबा एका अरुंद घळीत दडलेला आहे. ओढ्यातील दगडांवरून आत गेल्याशिवाय तो पूर्ण दिसत नाही. सेल्यालँड्सफॉसपर्यंत येणारे अनेक प्रवासी तो न पाहताच पुढे जातात.

पुढे सुमारे ३० किमीवर स्कोगाफॉस आहे. स्कोगा नदीचे पाणी सुमारे २५ मी. रुंदीच्या पडद्यासारखे ६० मी. खाली सरळ पडते. खालची जमीन सपाट असल्याने धारेच्या अगदी जवळ जाता येते आणि उन्हाच्या दिवशी इंद्रधनुष्य हमखास दिसते. थ्रासी नावाच्या आद्य वसाहतकाराने धबधब्यामागे सोन्याची पेटी लपवली, ती ओढताना केवळ तिची कडी हाती आली, अशी आख्यायिका आहे. ती कडी म्हणून ओळखली जाणारी वस्तू स्कोगार येथील संग्रहालयात आहे. कड्याच्या बाजूने पाचशेहून अधिक पायऱ्या चढल्यावर फिम्मवोर्दुहाल्स खिंडीची पायवाट सुरू होते. या वाटेवर त्याच नदीचे आणखी अनेक धबधबे ओळीने लागतात. मार्च २०१० मध्ये या खिंडीत आणि एप्रिलमध्ये एयाफ्यात्लायोकुत्लच्या शिखरावर उद्रेक झाला. त्याच्या राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक अनेक दिवस ठप्प झाली होती.

आणखी पूर्वेस स्काफ्ताफेत्ल येथे स्वार्तिफॉस (काळा धबधबा) आहे. त्याची उंची जेमतेम २० मी. आहे, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या षटकोनी बेसाल्ट स्तंभांमुळे तो प्रसिद्ध आहे. लाव्हा सावकाश थंड होऊन आकसताना असे स्तंभ तयार होतात. वास्तुविशारद ग्युदयोन साम्युएल्सोन यांनी रेक्याविकमधील हात्लग्रिम्सकिर्क्या या चर्चच्या रचनेत अशाच स्तंभांची प्रेरणा घेतली.

गुल्फॉस

गुल्फॉस (सोनेरी धबधबा) वर्तुळ मार्गावर नाही. थिंगवेत्लिर, गेसिरचे उष्णोदकाचे फवारे आणि गुल्फॉस यांना जोडणारा 'सुवर्ण वर्तुळ' हा वेगळा रस्ता आहे व तो रेक्याविकहून एका दिवसात करता येतो. लांगयोकुत्ल हिमटोपीतून येणारी ह्वीता नदी येथे प्रथम ११ मी. आणि नंतर २१ मी. अशा दोन टप्प्यांत कोसळते. दुसरा टप्पा पहिल्याशी कोन करून एका अरुंद घळीत पडत असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला नदी एकाएकी जमिनीत गडप झाल्यासारखी वाटते.

हा धबधबा आज मुक्त वाहतो आहे हे गृहीत धरण्यासारखे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी गुंतवणूकदारांना येथे जलविद्युत प्रकल्प उभारायचा होता. धबधब्याच्या मालकांपैकी ब्रात्तहोल्ट येथील शेतकरी तोमास तोमासोन यांनी १९०७ मध्ये एका इंग्रज व्यावसायिकाचा खरेदीचा प्रस्ताव नाकारला. तरी पुढे धबधबा भाडेपट्ट्याने दिला गेला. तो करार रद्द व्हावा म्हणून तोमास यांची कन्या सिग्रिदुर तोमासदोत्तिर (१८७१–१९५७) यांनी दीर्घ कायदेशीर लढा दिला. त्यासाठी त्या शेतावरून रेक्याविकला अनेकदा गेल्या. ही वाट त्यांनी पायी तुडवली आणि प्रसंगी धबधब्यात उडी घेण्याची धमकी दिली, असे सांगितले जाते. या कथांपैकी इतिहास किती आणि लोकांनी घातलेली भर किती हे वेगळे करणे कठीण आहे. त्यांचे वकील स्वेन ब्योर्नसोन हे १९४४ मध्ये आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. करार संपुष्टात आला तो मात्र न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर भाडे न भरले गेल्याने, १९२९ मध्ये. नंतर धबधबा राज्याच्या मालकीचा झाला आणि १९७९ मध्ये हा परिसर संरक्षित घोषित करण्यात आला. सिग्रिदुर यांचे उठावशिल्प असलेले स्मारक धबधब्याजवळ आहे.

उत्तर आणि ईशान्य भाग

आकुरेरी शहराच्या पूर्वेस मार्ग क्रमांक १ लगतच गोदाफॉस (देवांचा धबधबा) आहे. स्क्याल्फान्दाफ्ल्योत नदीचे पाणी येथे अर्धवर्तुळाकार कड्यावरून सुमारे १२ मी. खाली पडते. इ.स. ९९९ किंवा १००० च्या सुमारास लोकसभेने देशाचा धर्म ठरवण्याचे काम विधिवक्ता थोर्गेर यांच्यावर सोपवले व त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या बाजूने कौल दिला, ही घटना जुन्या ग्रंथांत नोंदलेली आहे. घरी परतताना त्यांनी जुन्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात टाकल्या, ही लोकप्रिय कथा मात्र त्या ग्रंथांत आढळत नाही. ती बरीच अलीकडची मानली जाते.

देत्तीफॉस वात्नायोकुत्लमधून निघणाऱ्या योकुल्सा आ फ्योत्लुम या नदीवर आहे. त्याची उंची ४४ मी., रुंदी सुमारे १०० मी. आणि सरासरी विसर्ग सुमारे १९३ घनमीटर प्रति सेकंद आहे. तो युरोपातील सर्वांत शक्तिशाली धबधबा असल्याचे वारंवार म्हटले जाते. स्वित्झर्लंडमधील ऱ्हाइन धबधब्याचा सरासरी विसर्ग याहून अधिक, पण उंची सुमारे निम्मी आहे. म्हणून हे पद कोणत्या मोजमापाने द्यायचे यावर अवलंबून राहते. पाणी गाळाने करडे असते आणि तुषारांचा लोट दुरूनच दिसतो. नदीच्या वरच्या अंगाला सेलफॉस, तर खालच्या अंगाला २७ मी. उंचीचा हाफ्रागिल्सफॉस आहे. येथील खोल दरी हिमनदीखालील प्रलयंकारी पुरांनी कोरली गेली. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला हा भाग २००८ मध्ये वात्नायोकुत्ल राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला व त्या उद्यानाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पश्चिम काठाचा ८६२ क्रमांकाचा रस्ता डांबरी, तर पूर्वेचा ८६४ खडीचा आहे. दोन्ही काठांना जोडणारा पूल जवळपास नसल्याने कोणत्या बाजूने पाहायचे हे आधीच ठरवावे लागते.

जलविद्युत आणि संरक्षण

आइसलँडची सुमारे ७० टक्के वीज पाण्यापासून मिळते आणि उर्वरित बहुतांश भूगर्भीय उष्णतेपासून. कोळसा न जाळता वीज देणाऱ्या याच नद्यांवर धबधबेही आहेत, त्यामुळे वाद वारंवार उद्भवतो. ऑगस्ट १९७० मध्ये मिवात्न परिसरातील शेतकऱ्यांनी लाक्सा नदीवरील एक लहान धरण सुरुंगाने उडवले. मोठ्या प्रकल्पामुळे आपली शेतजमीन बुडेल असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये नदीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

पूर्वेकडील काराहन्यूकार प्रकल्पाचा शेवट वेगळा झाला. तीव्र विरोध होऊनही ६९० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प २००९ मध्ये पूर्ण झाला. त्याची वीज रेदारफ्योर्दुर येथील ॲल्युमिनियम कारखान्याला जाते. हाल्सलोन जलाशयात विस्तीर्ण भूभागासह तोफ्राफॉस हा धबधबाही बुडाला. दुसरीकडे योकुल्सा आ दाल नदीचे पाणी कमी झाल्याने स्तुदलागिल ही बेसाल्ट स्तंभांची घळ उघडी पडली व अल्पावधीत पर्यटनस्थळ बनली. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय भरून वाहू लागला की तेथील निळसर पाणी पुन्हा करडे होते.

हिमनद्या आक्रसत असल्यानेही नकाशा बदलतो आहे. सर्वांत उंच धबधबा म्हणून ह्वालफ्योर्दुर या खाडीजवळील ग्लिमुरचे (१९८ मी.) नाव घेतले जात असे. मोर्सारयोकुत्ल ही हिमनदी मागे सरल्यावर दिसू लागलेला मोर्सारफॉस २०११ मधील मोजणीत त्याहून उंच ठरला.

प्रवास

२०१० मध्ये आइसलँडला सुमारे ५ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये ही संख्या २३ लाखांवर गेली. बहुतेक जण भाड्याच्या गाडीने फिरतात व तेच ते धबधबे पाहतात. तेथील मॉस (हरिता) वनस्पती अतिशय सावकाश वाढते. वसंत ऋतूत बर्फ वितळून ओल्या झालेल्या जमिनीवर पायवाट सोडून चालल्यास ती नष्ट होते व भरून यायला अनेक वर्षे लागतात. यामुळे काही ठिकाणे हंगामात बंद ठेवली जातात. एका लोकप्रिय संगीतचित्रफितीमुळे गर्दी वाढलेली फ्यादरार्ग्ल्यूफुर ही घळ २०१९ मध्ये अनेक आठवडे बंद होती. रस्ता सोडून गाडी चालवणे देशभर बेकायदेशीर असून त्यासाठी मोठा दंड होतो. अनेक धबधब्यांपाशी वाहनतळाचे शुल्क घेतले जाते.

जून महिन्यात रात्रीही उजेड असतो, त्यामुळे गर्दी टाळून मध्यरात्री धबधबे पाहता येतात. डिसेंबरमध्ये दक्षिणेतही दिवस चार-पाच तासांचाच असतो आणि देत्तीफॉसकडील रस्ते बर्फामुळे बंद होऊ शकतात. वायव्य भागातील सुमारे १०० मी. उंचीचा, खाली रुंद होत जाणारा दिन्यान्दी हा वर्तुळ मार्गापासून फार दूर असल्याने त्यासाठी वेगळे दिवस राखावे लागतात. अनेक ठिकाणी कड्याला कठडे नाहीत. तुषारांनी भिजलेला किंवा गोठलेला काठ, जोराचा वारा आणि आकस्मिक पूर हे मुख्य धोके आहेत. नोव्हेंबर १९९६ च्या हिमनदीखालील पुराने स्केदारा परिसरातील पूल उद्ध्वस्त केले, तर जुलै २०११ मध्ये मूलाक्विस्ल नदीवरील पूल वाहून गेल्याने वर्तुळ मार्ग ऐन हंगामात तुटला होता. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे.

चित्रपटांत

रिडली स्कॉट दिग्दर्शित 'प्रोमिथिअस' (२०१२) या चित्रपटाच्या आरंभीच्या दृश्यात देत्तीफॉस दिसतो. 'दिलवाले' (२०१५) या हिंदी चित्रपटातील 'गेरुआ' या गीताचे चित्रीकरण आइसलँडमध्ये झाले. त्यातील निसर्गदृश्यांमुळे हा देश अनेक भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला.