मोटेचा नाडा ते पट्टा : ओझं बांधायची गोष्ट



हंगाम सुरू झाला. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसायला लागले. आज ओझं बांधण्याचा थोडा इतिहास लिहितो. त्यातला एक धडा आमच्या घराने फार महागात घेतलाय.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ ला सुरू झाला. पुढे गावोगाव कारखाने झाले तेव्हा ऊस बैलगाडीनेच जायचा. आधी लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, मग रबरी टायरची गाडी आली. आम्ही तिला डनलॉप गाडीच म्हणायचो. ओझं दोन-अडीच टनांवर गेलं, पण चाल बैलाचीच, तासाला तीन-चार किलोमीटर.

आमच्या आबांनी विहिरीवर इंजिन बसवलं आणि मोट बंद केली. तो मोटेचा नाडा मग गाडीला आला. पण आबांचा भरवसा नाड्यावर कमी आणि भरण्यावर जास्त. मागं जड झालं की गाडी उलाळ होते, जुपणी बैलाच्या गळ्याला लागते. पुढं जड झालं तर बैलाला खांदा येतो. म्हणजे ओझं चुकलं की बैल लगेच सांगायचा.

ट्रॅक्टर आला आणि सांगणारं कुणी राहिलं नाही. दोन चाकी ट्रेलर मागं जड झाला तर हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते, पण ते चढावर गेल्यावरच कळतं. वेगाचा हिशोब तर आम्ही कधी केलाच नाही. चारवरून वीस किलोमीटरवर गेलो म्हणजे वेग पाचपट झाला. पण त्याच वळणावर ओझ्याची बाहेरची ओढ पाचपट होत नाही, पंचवीसपट होते. वेग आणि उंची दोन्ही वाढली, बांधायची रीत मात्र बैलगाडीचीच राहिली.

२००३ च्या हंगामात आमची मागची ट्रॉली कालव्याच्या वळणावर कलंडली. वर मोळ्यांवर माझा चुलत भाऊ बसला होता. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. खाली वायररोप होता की, असं सगळे म्हणत होते. पण तो वायररोप गव्हाणीपाशी क्रेनने ऊस उचलायला असतो. वरून ताणून बांधलेलं काहीच नव्हतं. आणि बांधलं असतं तरी एवढ्या उंच भरलेल्या ट्रॉलीला दोर सावरत नाही. वर माणूस बसवला ही चूक आमचीच.

आता ट्रेलरवरून रोटाव्हेटर, मळणी यंत्र, ट्रॅक्टरसुद्धा नेतात. त्याला रॅचेटचा पट्टा मिळतो. नायलॉनचा दोर ताण पडला की लांबतो, पॉलिस्टरचा पट्टा फार कमी लांबतो. पण पट्टाही नीट लावावा लागतो. ओझ्यावरून घेतलेला पट्टा बाजूने उभा उतरला तर सगळा ताण ओझं खाली दाबायला लागतो. तोच तीस अंशात तिरपा गेला तर निम्माच दाब. यंत्राच्या धारदार कडेवर पट्टा घासला तर तुटतो, तिथं जाड रबर घाला. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. ऊस असो की यंत्र, ओझं वाटेत बसतं आणि बांधणी सैल होते. म्हणून चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणा.

कायदाही कडक झालाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल बाजूने, पुढं-मागं किंवा उंचीला मापाबाहेर गेला तर २० हजार रुपये दंड आहे. दंड भरता येतो. भावाचा पाय मला परत आणता आला नाही.

बैल सांगायचा तो काळ गेला. आता गाडी हलायच्या आधी आपणच एक फेरी मारून बघायची. आणि ओझ्यावर माणूस बसवायचा नाही.