शिष्यवृत्तीचा अर्ज : बडोद्यापासून वसई-विरारपर्यंत

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत एक धावपळ सुरू होते. कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वसईला तहसील कचेरीत रांगेत उभा असतो. कुणी गावी फोन करून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागवतो. घरात पोरगी मोबाईलवर महाडीबीटीचा फॉर्म भरत बसलेली असते आणि आई शेजारी बसून आधार कार्डावरचे आकडे वाचून दाखवत असते. या धावपळीत एक वाक्य हमखास कानावर येते : "एवढे हेलपाटे कशाला? आपल्याला काय भीक मागायची आहे का?"

हे वाक्य बोलणाऱ्याचा स्वाभिमान मला कळतो. पण बंधू-भगिनींनो, या अर्जाला इतिहास आहे, आणि तो आपल्याच माणसांनी घडवलेला आहे. तो ठाऊक असला की अर्ज भरताना मान खाली जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

फुल्यांची मागणी

आपल्या नालासोपाऱ्यातला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये उकरून काढला. शूर्पारक नगरीतल्या बुद्धधम्माचा पुरावा शेकडो वर्षांनी जमिनीवर आला. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन मांडले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण ऐकलेली असते. पण त्या निवेदनात शिष्यवृत्तीविषयीही एक मुद्दा आहे. जोतीराव म्हणाले, की शिष्यवृत्त्या केवळ स्पर्धेवर देणे वरून न्याय्य दिसले तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात.

म्हणजे शिष्यवृत्ती ही हुशारीची बक्षिसी नाही, वाट अडवून ठेवलेल्यांचा तो हक्क आहे, हा विचार आपल्या मातीत तेव्हाच रुजला होता.

अर्जदार भीमराव

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेतला आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून भीमरावांना दरमहा पंचवीस रुपयांची मदत मिळाली. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार गेले. घरातला आधार तुटला. त्याच वर्षी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महाराजांची शिष्यवृत्ती मंजूर झाली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी.

ही मदत करारावर होती. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात भीमरावांनी करारपत्रावर सही केली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करीन आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा तो करार. त्या सहीत लाजण्यासारखे काय होते? काहीच नाही. ज्यांच्या नावाने आपण ताठ मानेने जगतो, त्यांनीही अर्ज केला, अटी वाचल्या आणि सही केली.

पुढचा भाग आपल्या मुलांना मुद्दाम सांगावा असा आहे. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आज कुणाचा हप्ता रखडला की पोरं खचतात. बाबासाहेबांनी काय केलं? येण्याआधी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून छळ झाला, राहायला जागा मिळेना, ती नोकरी सुटली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ पैसे दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मदत थांबली तरी शिक्षण थांबू दिले नाही, आणि परतीचा दरवाजा रीतसर परवानगीने उघडा ठेवला. केवढा मोठा धडा आहे हा!

तीन लाखांची तरतूद

एका भीमरावाला एका राजाने मदत केली. पण प्रत्येक मुलाला केळुसकर गुरुजी आणि सयाजीराव कुठून भेटणार? बाबासाहेबांनी हाच प्रश्न सोडवला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. उच्च शिक्षणासाठी पैशाची तरतूद ही त्यातली मोठी मागणी. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज आपली मुले जिला "भारत सरकारची स्कॉलरशिप" म्हणतात ती हीच. राजाच्या मर्जीची जागा सरकारी नियमाने घेतली. ओळख नको, वशिला नको. कागद पुरे असले की झाले.

नुसते पैसे देऊन भागत नाही, शिकायला जागा हवी, म्हणून १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला.

धम्म घेतला आणि सवलत गेली

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या वाडवडिलांनी धम्मदीक्षा घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्ध त्यात नव्हते. म्हणजे फॉर्मवर "बौद्ध" लिहिले की केंद्राच्या सवलती बंद! ज्या माणसाने शिष्यवृत्ती आणली त्याच्याच मागे जाणाऱ्यांची शिष्यवृत्ती तुटली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले.

तेव्हाच्या आईबापांपुढे किती कठीण प्रश्न असेल! मुलाच्या फीसाठी कागदावर जुनी जात लिहायची, की धम्म लिहून नुकसान सोसायचे? कुणी असे केले, कुणी तसे. त्यांचा न्याय करायला आपण बसू नये. मात्र समाज गप्प बसला नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. त्याच्या मागण्यांत जमिनीबरोबर बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, हीही मागणी होती. हजारो बाया-बापड्यांनी तुरुंग भोगला. अखेर १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. मध्ये तेहतीस-चौतीस वर्षे गेली. एका पिढीचे सारे शिकण्याचे वय त्यात गेले.

खिडकीपुढचा दिवस

मी स्वतः ऐंशीच्या दशकात शिकलो. वडील गिरणीत, आणि त्यात संप. फॉर्म घेऊन खिडकीवर गेलो तर आतला माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आले सरकारचे जावई!" मी फॉर्म तसाच घेऊन घरी आलो. आईला अक्षरओळख नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय ते, त्याच्या बापाचं हाय का?" दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आपला खाडा करून माझ्याबरोबर आले, खिडकीपुढे उभे राहिले आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलले नाहीत. पैसे परीक्षा होऊन गेल्यावर मिळाले, पण मिळाले. त्या पावतीचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आज खिडकी राहिली नाही, २०१७-१८ पासून महाडीबीटी आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याच्या कामाला ठाण्यालाही जावे लागत नाही. पण अडचणींनी रूप बदललंय. आपल्यातली बरीच कुटुंबे कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून इकडे आलेली. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो गावच्या शाळेत नाहीतर तलाठ्याकडे असतो. तो दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावा. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती. त्यापुढे असेल तर निराश होऊ नये, फ्रीशिपचा अर्ज करावा. बँक खाते आधारला जोडलेले हवे. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते विसरू नये. केंद्राचा वाटा आता थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यातली फी कॉलेजची असते, तो पैसा घरखर्चाला वापरू नये. वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजना आहे, परदेशी जाणाऱ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. आणि प्रत्येक अर्जाची प्रत, पावती फायलीत लावावी. लंडनची परवानगी आठवा!

परतफेड

बाबासाहेबांच्या करारात दहा वर्षे नोकरीची अट होती. आपल्या शिष्यवृत्तीला तशी अट नाही. पण १८ मार्च १९५६ ला आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी कोणते दुःख बोलून दाखवले ते आपण जाणतो : शिकलेली माणसे आपल्या पोटापुरती राहिली, समाजाकडे वळून पाहीनाशी झाली. ती न लिहिलेली अट आपल्यावर आहेच.

ती पाळायला फार मोठे काही लागत नाही. आपल्या वस्तीत शिष्यवृत्तीवर शिकून बँकेत, शाळेत, रेल्वेत लागलेले कितीतरी जण आहेत. अर्ज सुटतात त्या दिवसांत प्रत्येकाने एक रविवार विहारात येऊन बसावे. पाच मुलांचे फॉर्म तपासून द्यावेत. ज्या पोराला कुणी खिडकीवरून परत पाठवले असेल, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी जाऊन उभे राहावे.

माझ्याबरोबर आलेले ते काका आज नाहीत. त्यांना सही करता येत नव्हती, अंगठा उठवीत. पण माझ्या पदवीत त्यांच्या एका खाड्याची मजुरी आहे. ती मी अजून पुरती फेडलेली नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!