रोल बार
रोल बार : उघडी मोटारगाडी उलटल्यास चालकाच्या डोक्याला जागा राखणारी, आसनामागील मजबूत कमान. बंद गाडीत हे कार्य छत व त्याचे खांब करतात. कमान नसताना पट्टा बांधणारा गाडीखाली चिरडला जाई. म्हणून बाहेर फेकले जाणेच बरे, असे पूर्वी अनेक शर्यतपटू मानीत. १९६१ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींत कमान सक्तीची झाली. परंतु सुरुवातीच्या अनेक कमानी डोक्याहून ठेंगण्या होत्या. सर्वसामान्य वापराच्या गाड्यांत पोर्शे ९११ टार्गा (१९६५) हिला पक्की कमान होती, तर मर्सिडीझ एसएल (१९८९) हिची कमान गाडी कलंडू लागताच आपोआप उभी राही.

हौशी चालक अशी गाडी शर्यतमार्गावर नेतो, तेव्हा शिरस्त्राणामुळे डोक्याची उंची वाढते. कमानीच्या माथ्यापासून पुढील काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत कल्पिलेल्या रेषेखाली शिरस्त्राण राहिले पाहिजे. अन्यथा कमान असूनही आघात डोक्यावर व मानेवर येतो. उंचीइतकेच बळही महत्त्वाचे असते. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे जो ग्वान्यू यांच्या उलटलेल्या गाडीची कमान मोडली. २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या ‘हेलो’ या चौकटीने ते बचावले. त्यानंतर कमानीच्या चाचण्या अधिक कडक करण्यात आल्या.