पर्यटनस्थळांची स्पर्धाक्षमता व माहिती तंत्रज्ञान

पर्यटकांना आकर्षित करून त्यांच्या खर्चातून स्थानिकांचे उत्पन्न वाढविणे आणि ज्या निसर्गासाठी वा वारशासाठी पर्यटक येतात तो पुढील पिढ्यांसाठी राखणे, या दोन्ही गोष्टी साधण्याच्या प्रदेशाच्या कुवतीस पर्यटनस्थळाची स्पर्धाक्षमता म्हणतात. ब्रेंट रिची व जेफ्री क्राउच यांनी २००३ मधील ग्रंथात ही दुहेरी कसोटी विस्ताराने मांडली. माहिती तंत्रज्ञानाच्या चर्चेत मात्र बहुधा तिच्या पूर्वार्धाचाच विचार होतो.

पर्यटनसेवा आधी पारखून घेता येत नाही, निवड करताना पर्यटकाच्या हाती केवळ माहिती असते. शिवाय आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. यामुळे या व्यवसायात संगणकीय आरक्षण लवकर रुळले. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी उभारलेली ‘सेबर’ प्रणाली १९६० च्या दशकातच कार्यान्वित झाली. तथापि अशा जाळ्यांचा लाभ प्रामुख्याने विमान कंपन्या व मोठ्या हॉटेलांना मिळाला. डोंगराळ खेड्यातील चार खोल्यांच्या घरगुती निवासास त्यांत स्थान नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात झाला. तेथे १९९० च्या दशकात विकसित झालेली ‘टिस्कव्हर’ ही स्थळ-व्यवस्थापन प्रणाली होती, म्हणजे निवास, बर्फाची स्थिती, वाटा, कार्यक्रम इत्यादींची सामाईक माहितीपेढी, जिच्यातून आरक्षणही करता येई. गावोगावची पर्यटन कार्यालये आपापल्या भागाची माहिती तीत भरत आणि अद्ययावत ठेवत, त्यामुळे विखुरलेले लहान व्यावसायिक परदेशी ग्राहकापुढे एकत्रितपणे येऊ शकले. यंत्रसामग्रीपेक्षा नोंदी ताज्या ठेवण्याची ही शिस्तच अधिक मोलाची होती. अनेक सरकारी पर्यटन संकेतस्थळे नेमकी येथेच कमी पडतात.

पुढे बुकिंग डॉट कॉमसारख्या (स्थापना १९९६) खासगी मंचांनी लहान निवासांनाही जागतिक बाजारपेठ खुली केली, परंतु त्यासाठी प्रत्येक आरक्षणामागे दलाली द्यावी लागते आणि ग्राहकांच्या आवडीनिवडीची विदाही बव्हंशी मंचाकडेच राहते. परिणामी पर्यटक वाढूनही स्थळाच्या पदरी पडणारा वाटा त्या प्रमाणात वाढतोच असे नाही.

कसोटीच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे जतनाकडे, लक्ष गेले ते अतिपर्यटनामुळे. व्हेनिसमध्ये २०२० पासून नियंत्रण कक्षात कॅमेरे व मोबाइल फोनच्या संकेतांवरून गर्दीचा अंदाज घेतला जातो. २५ एप्रिल २०२४ पासून निवडक दिवशी मुक्काम न करणाऱ्या पाहुण्यांना ५ युरो भरून क्यूआर कोड घेणे सक्तीचे झाले. ठरावीक मुदतीनंतर नोंदणी करणाऱ्यास २०२५ पासून १० युरो पडतात. या शुल्काने गर्दी ओसरली नाही, अशी टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. याउलट साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणीला दैनंदिन प्रवेशसंख्येच्या मर्यादेची जोड दिली जाते. व्हेनिसच्या योजनेत अशी मर्यादा नाही.