समुद्रापलीकडील विद्या आणि तिचा खर्च

विलायतेस शिकावयास जाण्याचा बेत एखाद्या घरांत निघाला म्हणजे प्रथम आड येई तो समुद्र नव्हे, तर खर्च. आगबोटीचें भाडें, राहण्याजेवणाचा खर्च, कॉलेजाची फी आणि मधल्या वर्षांत बुडणारी मिळकत ह्यांचा हिशेब मांडला कीं मध्यम स्थितींतील गृहस्थ मुकाट्यानें वही मिटीत असे. मुलीसाठीं तर ती वही बहुधा उघडलीच जात नसे. म्हणून परदेशीं शिकून आलेल्या स्त्रियांच्या चरित्रांत त्यांच्या बुद्धीइतकाच त्यांना मिळालेल्या पैशाचाहि शोध घ्यावा लागतो. तो कोणीं दिला आणि कोणत्या अटीवर दिला, ह्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असे.

निजामाच्या राज्यांतील एक उदाहरण सुप्रसिद्ध आहे. हैदराबादचे शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय ह्यांची कन्या सरोजिनी १८९५ सालीं निजामाची शिष्यवृत्ति घेऊन विलायतेस निघाली, तेव्हां ती अवघी सोळा वर्षांची होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत व नंतर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत तिनें अध्ययन केलें. ह्या प्रवासामागें आईबापांचा आणखीहि एक हेतु होता. डॉ. गोविंदराजुलु नायडू ह्यांच्याशीं परजातींत विवाह करण्याचा तिचा निश्चय दुराव्यानें ढळावा, असें त्यांना वाटत होतें. तो ढळला नाहीं. १८९८ सालीं ती परतली आणि त्याच वर्षीं सरोजिनी नायडू झाली.

ही राजाची कृपा होती, आणि कृपेला राजधानीचा उंबरठा नेहमींच जवळचा असतो. त्याच राज्यांतील औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें इंटरमीजिएट कॉलेज निघण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत तेथील मुलास कॉलेजाचें तोंड पाहण्यासाठींच हैदराबाद, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. त्याच्या घरच्यांना तोच परदेश!

ज्यांच्या पाठीशीं कोणताच दरबार नव्हता त्यांचें काय झालें, हें पाहावयाचें तर कोंकणांतील बेने इस्रायल समाजाकडे वळलें पाहिजे. कुलाबा जिल्ह्यांतील हे मराठी बोलणारे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनांवें गांवांवरून पडलेलीं. किहीमचे ते केहिमकर, झिराडचे ते झिराड. ह्या समाजांतील हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या मुलांसाठीं शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननें तिला साहाय्य केलें. पुढें सर एली कदूरी ह्यांच्या देणगीमुळें शाळेस त्यांचें नांव मिळालें. मराठी घरांतील मुलांच्या शिक्षणासाठीं लंडनहून पैसा यावा, ही गोष्ट कौतुकाची खरी. पण त्या पैशानें शाळेची वाट मोकळी झाली, लंडनची नव्हे.

ती वाट जेरुशा झिराड ह्यांनीं चालून दाखविली. त्यांचा जन्म शिवमोग्ग्याचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेंत आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत झालें. १९१२ सालीं त्या डॉक्टर झाल्या. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ह्यांचें उच्च शिक्षण घ्यावयाचें तर विलायतेस जाणें भाग होतें, आणि हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति तोंवर कोणाहि स्त्रीच्या पदरीं पडलेली नव्हती. अशा वेळीं कामीं आलें तें टाटांचें कर्ज.

ह्या कर्जाची हकीकत सांगण्याजोगी आहे. परदेशीं उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठीं जमशेटजी टाटा ह्यांनीं १८९२ सालीं हा निधि स्थापिला. आरंभीं तो पारशांपुरता होता. १८९४ पासून सर्व हिंदी विद्यार्थ्यांस खुला झाला. त्याचा लाभ ज्यांना प्रथम मिळाला त्यांतच फ्रेनी कामा व कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर ह्या दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. टाटांनीं दान न देतां कर्ज दिलें. शिकून मिळवूं लागल्यावर तें फेडावयाचें, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या उपयोगीं पडावयाचा. ही व्यवस्था थोडी रुक्ष वाटेल. गरीब घराला तर ऋणाचें भय दारिद्र्याहूनहि अधिक असतें, आणि मुलीच्या नांवावर कर्ज काढण्यास कोणता बाप सहज धजेल? तरी तिच्यांत घेणाऱ्याचा मान राहतो. तो याचक ठरत नाहीं. त्याच्या भावी कर्तृत्वावर कोणी तरी आधींच विश्वास टाकलेला असतो.

जेरुशाबाई ह्या कर्जावर लंडनला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकूं लागल्या. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनें त्यांना शिष्यवृत्ति दिली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. सरकारची तिजोरी उघडली ती खाजगी निधीनें जोखीम पत्करल्यानंतर, हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. तो काळ पहिल्या महायुद्धाचा. पुरुष डॉक्टर मोठ्या संख्येनें रणांगणाकडे गेले असल्यामुळें इंग्लंडांतील रुग्णालयांत स्त्री-डॉक्टरांस एरवीं दुर्मिळ असलेली संधी मिळत होती. १९१९ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादिली.

लंडनहून त्यांनीं केवळ पदवीच आणली नाहीं. तेथील उदारमतवादी यहुदी विचारांचा संस्कार घेऊन त्यांनीं १९२५ सालीं मुंबईंत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापण्यांत पुढाकार घेतला. पण त्यांचें खरें कार्यक्षेत्र कामा हॉस्पिटल हेंच. १८८६ सालीं सुरू झालेलें हें रुग्णालय स्त्रियांसाठीं असून स्त्री-डॉक्टरांच्याच हातीं असावें, असा त्याचा हेतु होता. १९४७ पर्यंत त्याची प्रमुख सूत्रें जेरुशाबाईंकडे होतीं. मुंबई शहरांत बाळंतपणीं स्त्रिया कां दगावतात, ह्याची त्यांनीं चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला.