सतारीचा भोपळा आणि उरुसाची मैफल

कलामहोत्सव पर्यावरणपूरक करायचा म्हटले की हल्ली एक ठरलेली यादी पुढे येते. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या बंद, छापील पत्रिकेऐवजी मोबाइलवर निमंत्रण आणि मंडपाच्या दाराशी कचऱ्याचे दोन रंगीत डबे. हे सगळे करावेच. पण मिरजेच्या संगीताचा इतिहास पाहिला की मला वाटते, हा हिशेब मंडपाच्या दाराशी सुरू होत नाही. तो भीमेच्या काठी, भोपळ्याच्या वेलापाशी सुरू होतो.

मिरजेतील ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसानिमित्त भरणारी संगीतसभा महाराष्ट्रातील रसिकांना ठाऊक आहे. तिच्या मुळाशी अब्दुल करीम खाँसाहेब आहेत. 1872 साली उत्तरेतील कैराना येथे जन्मलेला हा गवई मिरजेत आला, आजारी पडला आणि मीरासाहेबांच्या चरणी गाऊन बरा झाला, असे मिरजकर सांगतात. दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली ते गात, असेही सांगितले जाते. पुढे त्यांनी मिरजेलाच घर मानले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि दफन याच दर्ग्याच्या परिसरात झाले. तेव्हापासून गायक-वादक इथे हजेरी लावतात. याच उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही विसरू नये.

आजच्या भाषेत बोलायचे तर त्या जुन्या मैफलीचा पर्यावरणावरचा भार नगण्य होता. छत झाडाचे, बैठक सतरंजीची, आवाज गळ्याचा. पण यावरून आपले पूर्वज फार मोठे पर्यावरणवादी होते असा निष्कर्ष काढू नये. साधने नव्हती म्हणून ती मैफल हलकी होती. त्याच काळात तंतुवाद्यांच्या घोडीला आणि सजावटीला हस्तिदंत व सांबरशिंग लागे, आणि ते कुठून येते असे कोणी विचारत नसे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही थांबले. कारागिरांनी उंटाचे हाड आणि कृत्रिम पदार्थ वापरून पाहिले. वाद्ये वाजतच राहिली. परंपरा बदल सोसते, याचा याहून चांगला पुरावा नको.

आता या वाद्यांकडे वळू. मिरजेत सतार-तंबोरा घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांचे काम आटले. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गवयांना आश्रय होता, त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत. 1850 च्या आसपास फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी दुरुस्तीवरून घडणीकडे पाऊल टाकले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी मुसलमानाने या भूमीला काय दिले असे कोणी विचारले, तर मी या गल्लीकडे बोट दाखवतो.

या कारागिराच्या हाताखाली काय असते? तुणीचे लाकूड, लाख आणि भोपळा. भोपळा पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या पट्ट्यात भीमेकाठी पिकतो. तो कडू असतो, खाता येत नाही. पूर्ण वाढल्यावर काढून महिनोन्महिने वाळवतात, मग त्याची साल लाकडासारखी टणक होते. तंबोऱ्याची घुमी त्याच्या पोटातून येते. वाद्य जुने झाले तर फेकायचे नसते. जवारी पुन्हा लावतात, तारा बदलतात, तडा गेला तर सांधतात. नातवाने आजोबांचा तंबोरा वाजवणे ही या गल्लीत नवलाची गोष्ट नाही. वस्तू टिकवणे आणि दुरुस्त करणे या शहाणपणावर आज परिषदा भरतात. इथे ते रोजच्या पोटापाण्याचे काम आहे.

धोका मात्र याच ठिकाणी आहे. भीमाकाठी पाणी आले, साखर कारखाने आले आणि शेतकरी उसाकडे वळला. उसाला ठरलेले गिऱ्हाईक आहे. कडू भोपळ्याला मिरजेच्या कारागिरावाचून विचारणारा जवळपास कोणी नाही. त्यात अवकाळी पाऊस, गारपीट किंवा नदीचा पूर आला की वेलावरचे फळ वाया जाते. खुद्द मिरजेने 2019 आणि 2021 साली कृष्णेचा महापूर पाहिला आहे. शेतकऱ्याने बी जपणे सोडले, तर व्यासपीठावर कितीही हिरव्या कमानी उभारा, मागचा तंबोरा मुका होईल.

म्हणून महोत्सवाच्या आयोजकांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, देणगीतला काही वाटा भोपळा पिकवणाऱ्यांशी आगाऊ भाव ठरवण्यात घालावा. दुसरी, उरुसात गलेफ, फुले आणि लंगर यांचा हिशेब मांडावा. चकाकत्या कृत्रिम कापडाऐवजी सुती गलेफ, उतरलेल्या फुलांचे खत, जेवणाला धुऊन वापरायची ताटे. तिसरी, आवाज बेताचा ठेवावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची सक्ती म्हणून नव्हे, तर ही गायकी मुळात सुराच्या नाजूकपणावर उभी आहे म्हणून.

काही जण म्हणतील, दर्ग्यातल्या कार्यक्रमात हे नवे खूळ कशाला? आपल्याकडे याला जुना शब्द आहे : इसराफ, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वापरणे. वुजू करतानासुद्धा पाणी बेताने वापरावे अशी शिकवण आपण लहानपणी मदरशात ऐकतो. ती शिकवण नळापाशी पाळायची आणि उरुसाच्या मंडपात विसरायची, हे काही पटत नाही. गाणे धर्माला चालते की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. उधळपट्टी चालत नाही, यावर तरी ते नाहीत.