सुजनची गाणी गळ्यात ठेवणारा माणूस: पंडित के. जी. गिंडे

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इअरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललेलंच थोडं नीट करून लिहिलंय.

सुरुवात जरा लांबून करतो. पियानोच्या दुनियेत एक खास जात असते. असा वादक एकाच संगीतकाराला धरतो आणि आयुष्यभर सोडत नाही. आर्टुर श्नाबेल हे त्यातलं मोठं नाव. १९२७ मध्ये बीथोव्हनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यानं बर्लिनमध्ये बीथोव्हनचे सगळेच्या सगळे ३२ पियानो सोनाटा वाजवले. पुढे १९३२ ते १९३५ या काळात लंडनला ते सगळे रेकॉर्डही केले. असं पूर्ण रेकॉर्डिंग करणारा तो पहिलाच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. श्नाबेल जन्मलाच नसता तरी बीथोव्हन कागदावर होताच. कुठला स्वर, किती वेळ, किती जोरात, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे हे गणित वेगळं आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे एकाच रचनाकाराला वाहून घेतलेला गायक जास्त मोलाचा आहे असं मला वाटतं. त्या गायकाचं नाव कृष्ण गुंडोपंत गिंडे. सगळे के. जी. गिंडे म्हणतात.

जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा. १९३६ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी, हा पोरगा थेट लखनौला गेला. बेळगाव कुठे, लखनौ कुठे! तिथे मॅरिस कॉलेज होतं, १९२६ ला सुरू झालेलं. विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या मराठी वकिलाच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं संगीताचं कॉलेज. प्राचार्य होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, तेही मुंबईचे. भातखंड्यांचे पट्टशिष्य, आणि बडोद्याला आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले. गिंडे त्यांच्या घरीच राहून शिकले. नेमकं त्याच १९३६ सालच्या सप्टेंबरात भातखंडे गेले.

आता भातखंड्यांनी काय करून ठेवलं होतं ते बघा. हा माणूस देशभर फिरला. उस्तादांकडे बसून बंदिशी मिळवल्या. जयपूरच्या मनरंग घराण्याकडून घेतल्या, रामपूरकडून घेतल्या. कुणी दिल्या, कुणी टाळाटाळ केली. मग ते सगळं स्वरलिपीत लिहून 'क्रमिक पुस्तक मालिका' नावानं सहा भागांत छापलं. अठराशेच्या वर रचना! आणि ही पुस्तकं मूळ मराठीत आहेत, हिंदी आवृत्त्या नंतर आल्या. हे आपल्यालाच माहीत नसतं.

तुमच्यापैकी कोणी यवतमाळला शाळेत असताना पेटीच्या किंवा गाण्याच्या क्लासला जाऊन प्रवेशिकेची परीक्षा दिली असेल, तर ही लिपी ओळखीची असेल. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, कालाला शून्य. मीड दाखवायला कमान. अतिशय सुटसुटीत डिझाइन.

पण अडचण पण इथेच आहे. दरबारीचा कोमल गंधार आणि बागेश्रीचा कोमल गंधार घ्या. छापलेल्या पानावर दोन्ही सारखेच दिसतात, ग आणि खाली रेघ. गळ्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दरबारीत तो खाली दबलेला, संथ आंदोलन घेत येणारा. बागेश्रीत सरळ. मियाँ मल्हारात पुन्हा तिसरंच वागणं. मग पान वाचून गाणाऱ्याला हे कळणार कसं? कोड गिटहबवर टाकलाय, पण ते चालवणारं मशीनच कुणाकडे नाही, अशी गत. बंदिश छापली म्हणजे वाचली असं होत नाही. ती ज्याच्या गळ्यात बरोबर बसलीय असा एक तरी माणूस जिवंत लागतो.

त्यात रातंजनकर स्वतः मोठे वाग्गेयकार. वाग्गेयकार म्हणजे शब्दही स्वतःचे आणि चालही स्वतःची. 'सुजन' हे त्यांचं टोपणनाव, बंदिशीच्या शब्दांतच गुंफलेलं असायचं. ख्याल, तराणे, लक्षणगीतं, कर्नाटक संगीतातल्या वर्णमचा प्रकार हिंदुस्तानीत आणून केलेल्या रचना. काही नवे रागही, उदाहरणार्थ मार्ग बिहाग, केदार बहार. 'अभिनव गीतमंजरी'चे तीन भाग त्यांच्या रचनांनी भरलेत. लक्षणगीत म्हणजे रागाचे नियमच गाण्याच्या शब्दांत सांगायचे, थोडक्यात डॉक्युमेंटेशनला चाल लावायची. मला स्वतःला ती जरा कोरडी वाटतात, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या ख्यालांमधली मुखड्याची बांधणी, समेवर उतरण्याची रीत ऐकली की हा माणूस नुसता प्रोफेसर नव्हता हे पटतं.

आणि 'प्रोफेसर' हीच शिवी होती तेव्हा. खानदानी मंडळी म्हणायची, कॉलेजात कुठे गवई होतो का? त्यात १९५०च्या दशकात बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ऑडिशन सुरू झाली आणि त्या समितीचे प्रमुख रातंजनकर! मोठमोठे कलाकार भडकले, विरोध झाला. १९५७ ला पद्मभूषण मिळालं, पण हा राग सहज विरला नाही. अशा माणसाच्या रचना इतर घराण्यांचे गवई आनंदानं मैफलीत घेतील, ही अपेक्षाच चूक. त्या टिकायच्या तर शिष्यांकडूनच.

शिष्य थोडे नव्हते. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनचे व्ही. जी. जोग. प्रत्येकानं आपापली वाट काढली. गिंडेंची वाट सगळ्यात कमी झगमगाटाची. ते मुंबईला आले. आधी भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठात शिकवलं, मग १९६२ पासून शीवच्या श्री वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य. पारंपरिक ख्याल, ध्रुपद, धमार हे सगळं ते गायचेच, पण केंद्रस्थानी होती भातखंडे-रातंजनकरांची विद्या. दोन हजारांच्या आसपास बंदिशी त्यांना तोंडपाठ होत्या असं सांगतात. हा आकडा पाठांतराचा कमी आणि जबाबदारीचा जास्त वाटतो मला.

याची किंमत काय? लोकप्रियता. भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व हे त्यांच्याच पिढीतले. शास्त्रीय न ऐकणाऱ्या घरातही ही दोन नावं माहीत असतात, गिंडे हे नाव नसतं. काहींचं म्हणणं, त्यांच्या गाण्यात विद्वत्ता जास्त, रंग कमी. मला हे अर्धंच पटतं. एस. सी. आर. भटांबरोबर त्यांनी केलेलं जोडगायन ऐका. दोघं गुरुबंधू एकाच बंदिशीत इतके मोकळे होतात की 'कोरडं' हा शब्द तोंडातच राहतो.

त्यांची खरी ताकद सप्रयोग व्याख्यानात दिसायची. एका कुळातले राग, समजा कानड्याचे किंवा मल्हाराचे प्रकार, एकापाठोपाठ एक गाऊन दाखवायचे. इथे हा स्वर असा लागतो, तिथे तसा. पुस्तकात न मावणारी गोष्ट नेमकी हीच. तो दरबारीचा गंधार.

गिंडे १९९४ ला गेले. यूट्यूब यायला अजून दहा-अकरा वर्षं होती. तरी ते आज आपल्या फोनपर्यंत पोचलेत, आणि त्याचं बरंचसं श्रेय गोव्याच्या राजन पर्रीकरांना. हा शिक्षणानं इंजिनिअर असलेला माणूस. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी रागांवर लेखमाला लिहिली आणि प्रत्येक रागाखाली ध्वनिफिती लावल्या. त्यात गिंडे पुन्हा पुन्हा भेटतात, कारण रागाचं नेमकं रूप दाखवायला त्यांच्याइतका खात्रीचा आवाज शोधून सापडत नाही.

तर आता एक काम करा. क्रमिक पुस्तक मालिकेतल्या एखाद्या ओळखीच्या रागाचं पान उघडा, पेटीवर किंवा फोनच्या कीबोर्ड अ‍ॅपवर जशी लिहिलीय तशी बंदिश वाजवा. मग तोच राग गिंडेंचा लावा, शक्यतो इअरफोनवर, आणि कोमल गंधारापाशी थांबून दोनदा ऐका. काय फरक वाटला ते मला व्हॉइस नोटनं पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवतो.